कुणीतरी कांदा चिरत होतं

मी कुणीतरी आहे हे मला मोबाईलवर कळलं. सकाळच्या चहा-पोह्यांचा रगाडा उरकला होता. पुढे कापडाच्या दुकानात माझा नवरा दीपक गल्ल्याला उदबत्ती ओवाळत होता, सासूबाई मागच्या दारात तांदळाचं सूप घेऊन बसल्या होत्या, आणि मी ओट्याला टेकून दीप्तीचा ब्लॉग वाचत होते. दीप्ती म्हणजे माझी धाकटी जाऊ. वाचत होते ते चोरून. चोरण्यासारखं त्यात काही नाही, ब्लॉग सगळ्या जगाला उघडा आहे. पण आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर बसून लिहिलेलं खाली ओट्याशी, कुणाची चाहूल लागली की मोबाईल पिठाच्या डब्यामागे सरकवत वाचायचं, याला चोरून नाही तर काय म्हणायचं? ब्लॉगचं नाव 'गॅलरीतून महाड'. त्या दिवशी तिनं बाजारपेठेतली सकाळ लिहिली होती. समोरचा सोनार दुकानापुढची धूळ झाडून सुपलीत कशी भरतो, आणि सोन्याचा एखादा कण असेल या आशेनं ती कशी जपून आत नेतो, यावर चार ओळी. पत्र्यावरून चालणाऱ्या मांजरीवर तीन. आणि मग: 'खालून फोडणीचा वास आला. स्वयंपाकघरात कुणीतरी कांदा चिरत होतं.' पुढे लगेच कासाराच्या दुकानातल्या बांगड्यांचा आवाज. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. बोटांना कांद्याचा वास होता. या घरात कांदा चिरणारं माणूस एकच आहे. सासूबाईंच्या डोळ्यांना सोसत नाही म्हणून त्यांनी कांद्याला हात लावणं सोडलं त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि दीप्ती कांदा खाते, पण चिरलेला. मांजरीला तीन ओळी आणि मला कुणीतरी.

एवढ्याशा शब्दाचं काय लावून घ्यायचं, असं कुणी म्हणेल. मी लावून घेतलं. दिवसभर ती 'वहिनी, वहिनी' करत असते. वहिनी, मीठ संपलंय का, वहिनी, बाजारात पडवळ आलंय, वहिनी, गॅसवाला कधी येतो. तोंडावर वहिनी आणि लिहिताना कुणीतरी. अक्षय, माझा धाकटा दीर, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतो. दोन हजार एकवीसच्या पुरानंतर दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं आणि ही कोथरूडची मुलगी आमच्या बाजारपेठेत आली. ही इथे टिकत नाही, असं मी पहिल्या पावसाळ्यातच ठरवून टाकलं होतं. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, दुकानातून सतत माणसांची ये-जा, सासूबाईंचं 'काय गो, अजून आंघोळ नाय का?' मला वाटलं, चार महिन्यांत ही अक्षयला घेऊन पुण्याला पळेल आणि आपण शहाणे ठरू. ती पळाली नाही. तिनं भिंतीच्या ओलीवर लिहिलं. ओलीचे आकार रोज कसे बदलतात, एका भिंतीवर होडी आणि दुसरीवर पाठमोरी बाई कशी दिसते, आणि खाली कुठल्या कुठल्या गावच्या लोकांनी 'वा', 'डोळ्यांसमोर उभं राहिलं', 'माहेरची आठवण आली' असं लिहिलेलं. त्या ओलीला दर वर्षी दसऱ्याच्या आधी मी चुना लावते. मला तिथे कधी बाई दिसली नव्हती. आता चुना लावताना दिसते, आणि तिच्यावरून कुंचला फिरवताना हात जड होतो, याचाही मला राग येतो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. आमचं पीक, आणि पाटी टाकून बसली ही.

त्यातून दीपक. हा माणूस या पेठेत जन्मला, पन्नाशीला आला, पण भाव आणि मापं सोडून त्याला इथलं काही दिसलं असेल असं मला वाटत नाही. तो आता रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी मोबाईल उभा करून मोठ्यानं वाचतो. 'ऐकलंस का गं, काय लिहिलंय! आपला तो सोनार, त्याची ती धूळ! मी रोज बघतो, पण कधी लक्षातच आलं नाही.' मी आमटी वाढते. सासूबाई म्हणतात, 'पोरीला नजर हाय.' त्यांनी माझ्याबद्दल म्हटलेलं सगळ्यात मोठं वाक्य म्हणजे 'हिच्या भाकऱ्या फुगतात.' तेही लग्नानंतर पहिल्या वर्षी, माझ्या आईसमोर. आणि पाचाडचं तर बोलायलाच नको. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी दीपकला किती वेळा म्हटलं असेल की एकदा पाचाडला जाऊ, रायगडाखाली बसून पिठलं-भाकरी खाऊ. तर म्हणे, 'पिठलं खायला पाचाडला कशाला जायला पाहिजे, घरात तूच करतेस की!' दीप्तीनं एक दिवस सहज म्हटलं, भाऊजी, मला पाचाडवर लिहायचंय, की दुसऱ्या रविवारी दुकानाला अर्धा दिवस कुलूप आणि गाडी दारात. आम्ही सगळे गेलो. खानावळीतल्या बाईनं चुलीवरच्या भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडून दिला. दीप्तीनं त्या बाईच्या हाताचा फोटो काढला, तिचं नाव विचारलं, राहीबाई, तिची शेती किती, मुलं कुठे असतात, सगळं विचारलं. आठ दिवसांनी ब्लॉगवर राहीबाई. नावासकट, मुंबईतल्या मुलांसकट, तव्यावरच्या भाकरीसकट. दीपकनं वाचून दाखवलं तेव्हा मी ताट घेऊन आत गेले. राहीबाईचा हेवा वाटावा इतकी मी खाली आले होते.

खरं सांगायचं तर मला नुसता राग नव्हता. माझं जळत होतं, आणि ज्याचं जळतं त्यालाच कळतं. कारण तसे डोळे मलाही होते. मी कापडे गावची. बारावीपर्यंत पोलादपूरला शिकले, एसटीनं जात-येत. खिडकीशी बसले की मला सगळं दिसायचं. लावणीच्या दिवसांत बांधावर उलटी करून ठेवलेली इरली दिसायची, रस्त्याच्या कडेला कशेडी घाटाकडे तोंड करून रांगेत थांबलेले ट्रक दिसायचे, घाटात दरड कोसळली की ते दिवस दिवस तिथेच राहायचे, आणि त्यांचे ड्रायव्हर स्टोव्हवर डाळ शिजवताना परक्या भाषेत गाणी म्हणायचे. एकदा मी त्यांच्याकडे बघता बघता स्टॉप चुकवला आणि पुढच्या गावाहून भिजत चालत आले. आई दारात उभी होती. 'कुठं व्हतीस गो?' मी तिला सांगितलं की ट्रकवाल्याच्या कढईत डाळ उकळत होती आणि पाऊस तिच्यात पडत होता, आणि तो झाकण ठेवायचं सोडून हसत होता. आईनं माझं डोकं पुसता पुसता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'बरं सांगतेस गो तू. बघितल्यासारखं वाटतं.' माझ्या बघण्याला मिळालेली पावती ती तेवढीच. मग लग्न झालं, पेठेत आले, आणि बघायला वेळ होता कुणाला? माझे डोळे काही मेले नव्हते, कामाला लागले होते. डाळीतले खडे, उसवलेली शिवण, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ते घेणार की नुसतं उलगडायला लावणार, हे सगळं मी बघतच होते. गॅलरी तर या घराला तेव्हाही होती. तिथे मी कपडे वाळत घालायचे.

आणि हेही सांगायला हवं, की दीप्ती वाईट नाही. वाईट असती तर किती सोपं झालं असतं. तिच्या गळ्यात असतो तो कॅमेरा तिच्या बाबांचा. बाबा करोनात गेले, शेवटचं भेटताही आलं नाही, दवाखान्यानं एका पिशवीत घड्याळ, चष्मा आणि मोबाईल दिला. कॅमेरा तेवढा घरी होता म्हणून त्याला दवाखान्याचा वास नाही. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. ब्लॉगवर लिहिलं. एकाच घरात राहणाऱ्या बाईचं दुःख मला पिठाच्या डब्याआड कळलं. त्या दुपारी मी मऊ भात, मेतकूट आणि तूप असं ताट करून वर नेलं. ती म्हणाली, 'अय्या वहिनी, आज काय विशेष?' मी म्हटलं, 'काही नाही, भात उरला होता.' जावाजावा आणि उभा दावा म्हणतात, आमच्यात दावाही धड उभा राहत नव्हता.

मे महिन्यात एका दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं, तेव्हा ती कॅमेरा घेऊन खाली आली. मी कापडाचे तागे लावत होते. भिंतीकडे बोट करून म्हणाली, 'वहिनी, या दोन रेषा कसल्या हो?' महाडच्या पेठेत हे कुणी विचारत नाही. ज्याच्या त्याच्या भिंतीवर असतात. हिरवी दोन हजार पाचच्या पुराची, माझ्या खांद्याला लागते. पाणी ओसरल्यावर चिखलाची जी कड राहिली होती तिच्यावरून सासऱ्यांनी उरलेल्या तेलरंगानं ओढून ठेवली. लाल रेष एकवीसच्या पुराची, दाराच्या चौकटीच्याही वर, ती दीपकनं ओढली. मी सांगितलं. 'मग ती वरची फळी?' लाल रेषेच्या वर, छताला लागून दीपकनं एक लांब फळी ठोकलेली आहे. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की जे वरच्या मजल्यावर मावत नाही ते त्या फळीवर. 'म्हणजे रेषेच्या वर ठेवलं की सुरक्षित?' तिचे डोळे चमकले. काहीतरी सापडलं की ते तसे चमकतात, मला आता ओळखू येतं. 'सगळे तसंच ठेवतात,' मी म्हटलं. 'आणि पुरात तुम्ही इथेच होता ना? सांगा ना वहिनी पुराचं. तुम्हाला काय आठवतं?' पहिल्यांदा तिनं मला काही विचारलं होतं. राहीबाईला विचारलं तसं. आणि मी ताग्याची कड सरळ करत म्हटलं, 'काय आठवायचं? पाणी आलं, गेलं. चिखल काढला.'

कारण जे होतं ते मी तिला देणार नव्हते. सोनार घे, मांजर घे, भिंतीवरची ओल घे, नवऱ्याचा रविवार घे. हे नाही. हे मी कुणालाच दिलं नव्हतं. एकवीस साली त्या जुलैत फळी हिरव्या रेषेच्या वर होती. एक वीतभर वर. सासरे नेहमी म्हणायचे, 'पाण्याला आपली जागा म्हायती हाय. ह्येच्या वर त्याचं काम नाय.' सासरे गेले, वाक्य राहिलं. भोंगा वाजला तेव्हा मी आधी देव वर नेले. मग सासूबाईंची ट्रंक. मग दुकानाची कागदपत्रं, मग अक्षयच्या कॉलेजच्या ढाली आणि पुस्तकं, मग तागे, जमतील तेवढे तागे, दीपक खालून देत होता आणि मी वर लावत होते. माझं म्हणून एकच होतं. आईची गोधडी. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या लुगड्यांची, सगळी ओळखीची, एक लावणीच्या चिखलानं कायमचं तांबूस झालेलं, एक माझ्या लग्नातलं. तिनं स्वतः शिवलेली, शेवटी शेवटी नजर गेल्यावर शिवलेला कोपरा वाकडा. मी ती घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि फळीवर ठेवली. वर जागा तागे खात होते. एका गोधडीएवढ्या जागेत दोन तागे मावतात. आणि आपलं काय, रेषेच्या वर आहे. मग पाणी आलं. आम्ही वर बसून जिना बुडताना बघत होतो, पायरी पायरीनं. सासूबाई देवांना हात लावून बसल्या होत्या. माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की जिन्याची कुठली पायरी हिरव्या रेषेच्या बरोबरीची आहे. ती पायरी गेली तेव्हा मी पायऱ्या मोजणं सोडलं. ओसरल्यावर खाली गेले तर पिशवी फळीवर नव्हती, दाराआड चिखलात होती. उचलवेना इतकी जड. मागच्या दारी तीन-तीनदा धुतली, पाणी स्वच्छ निघेना, वास जाईना. आईच्या लुगड्याला धुराचा आणि भाताच्या पेंढ्याचा वास असायचा, तो कुठेच नव्हता. बाहेर पेठभर लोकांनी आपापल्या दुकानांतलं सडलेलं सामान रस्त्यावर ओतलं होतं. आमचेही तागे होते त्यात. मी गोधडी त्यांच्यावर नेऊन टाकली. सासूबाईंनी विचारलं, 'तुजं काय गेलं का गो?' मी म्हटलं, 'नाय, माझं काय नाय.' जिथे दुकानच्या दुकान गेलं, तिथे गोधडीसाठी कोण रडणार? मग दीपकनं फळी काढून वर ठोकली, लाल रेष ओढली आणि तो म्हणाला, 'आता याच्या वर काय येत नाही.' अगदी सासऱ्यांसारखं.

आठवड्याभरात ब्लॉगवर 'दोन रेषा'. मी वाचलं आणि पुन्हा वाचलं, इतकं चांगलं होतं. या गावाच्या भिंती पाण्याची उंची लक्षात ठेवतात, असं लिहिलं होतं. लोक भीतीलाच मोजपट्टी करतात, रेषेच्या वर आपलं मोलाचं ठेवतात आणि खाली पुन्हा दुकान मांडतात, हे इथलं शहाणपण. फोटोत लाल रेष, वर फळी, आणि खाली ताग्यांवर एक हात. माझा हात. नुसता. नाव नाही. खाली पन्नासेक लोकांनी हात जोडले होते. अरविंद नावाचा कुणी बोरिवलीचा, मूळ महाडचा, त्यानं लिहिलं होतं: 'आमच्या घरातही बाबांनी रेष ओढून फळी केली आहे. आईबाबा दोघंच असतात. तुमचं वाचून फार धीर आला.' तो धीर वाचून मला बरं वाटलं नाही. त्याला सांगावंसं वाटलं, की बाबा रे, मीही असाच धीर धरला होता. पण सांगायचं तर गोधडी बाहेर काढावी लागली असती. मी मोबाईल डब्यामागे ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

जुलैत तीन दिवस झड लागली. आमच्याकडे अशा वेळी दोनच प्रश्न असतात, वर महाबळेश्वरला किती पडला आणि खाली खाडीला भरती कधी. दीपक सकाळपासून फोनवर तेच विचारत होता. दस्तुरी नाक्यावर पाणी आल्याची बातमी आली आणि दुपारी जेवणं व्हायच्या आत भोंगा वाजला. मग कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही. मी देव उचलले. अक्षय नि दीपक ताग्यांना लागले. दीप्तीचा हा पहिलाच भोंगा. ती आधी गोंधळून मध्येच उभी राहिली, गळ्यात कॅमेरा. मला वाटलं, आता ही फोटो काढणार. आम्ही ओझी वाहणार आणि ही 'कुणीतरी तागे वाहत होतं' असं लिहिणार. तिनं कॅमेरा काढला, बॅगेत घातला, पदर नव्हता तर ओढणी कमरेला खोचली आणि ताग्यांच्या रांगेत उभी राहिली. वर-खाली, वर-खाली, केस कपाळाला चिकटलेले, एकदा जिन्यावर गुडघा आपटला तरी थांबली नाही. बॅग मात्र सगळ्यांच्या पायात येत होती. दीपक म्हणाला, 'दीप्ती, ही तुझी वर ने आधी.' ती म्हणाली, 'नको भाऊजी, आधी दुकानाचं जाऊ दे. माझं काय, एवढुसं आहे.' 'दे इकडे मग,' दीपकनं बॅग घेतली आणि टेबलावर चढून फळीवर सरकवली. 'रेषेच्या वर आहे. काय होत नाही.'

मग ते सगळे वर गेले. सासूबाईंना धाप लागली होती, दीप्तीनं त्यांना हाताला धरून नेलं. मी गॅसची टाकी बंद केली, मागच्या दाराला फळकुट लावलं आणि पुढे आले. उंबऱ्याबाहेर गटार भरून पाणी रस्त्यावर आलं होतं, तांबडं, हळूहळू फिरणारं. दुकान रिकामं होतं. फळीच्या टोकाला काळी बॅग. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मनात आलं, राहू दे तिथेच. येऊ दे पाणी लाल रेषेच्या वर, मग कळेल रेष म्हणजे काय असते. मग लिही म्हणावं शहाणपण. कॅमेरा नसला तर ब्लॉगही थांबेल, दीपक मुकाट जेवेल, सोनार पुन्हा नुसता सोनार होईल आणि पेठ माझी मला परत मिळेल. मी काही केलेलं नव्हतं. मला काही करायचंही नव्हतं, नुसतं वर जायचं होतं. मी जिन्यापर्यंत गेलेही. पायरीवर पाय ठेवला आणि कानात आलं, माझं काय, एवढुसं आहे. हे ती म्हणाली होती की मी, मला क्षणभर कळेना. दोन ताग्यांची जागा. वीतभर वर. मी मागे वळले, तेव्हा पाणी उंबरा ओलांडून आत आलं होतं, पायाला गार लागलं. टेबल ओढलं. चढले तर हात पुरेना, म्हणून टेबलावर गल्ल्याची पेटी ठेवली आणि तिच्यावर उभी राहिले. वरून दीपकची हाक आली, 'अगं कुठे आहेस? काय करतेस खाली?' 'येते!' बॅगेचा पट्टा बोटाला लागला, ओढला, ती छातीवर आदळली. जड होती. चिखलात भिजलेली नसूनही जड होती. ती पोटाशी धरून वर जाताना मला इतकी चीड आली होती म्हणून सांगू. माझी गोधडी अशी कुणी नेली नव्हती. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ही बॅग नेणारी मी होते, आणि त्या दिवशी मला मी नव्हते. सगळे पुढच्या गॅलरीत पाणी बघत होते. मी दीप्तीच्या खोलीत जाऊन बॅग तिच्या खाटेवर ठेवली आणि मागच्या खोलीत जाऊन स्टोव्ह पेटवला, कारण कुणी काही खाल्लं नव्हतं.

पाणी आलं ते गुडघाभर. हिरव्या रेषेच्याही खूप खाली. संध्याकाळपर्यंत ओसरू लागलं, दुसऱ्या दिवशी आम्ही चिखल काढला, फळी होती तशी कोरडी. म्हणजे बॅग तिथे राहिली असती तरी काही झालं नसतं. मला हसू आलं. एवढं मन मारून केलेलं पुण्य, तेही वाया. दीप्तीनं बॅगेबद्दल कुणाला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ पुन्हा गच्च होतं, रेडिओवर अतिवृष्टीचा इशारा सांगत होते, आणि मी ओट्याशी दुपारच्या आमटीचा कांदा चिरता चिरता मोबाईल उघडला. 'माझा पहिला भोंगा.' छान होतं. छानच असतं. शेवटी लिहिलं होतं: 'बॅग रेषेच्या वर ठेवली होती, म्हणून मी निर्धास्त होते. पाणी बघून खोलीत आले तर बॅग माझ्या खाटेवर. कुणीतरी आणून ठेवली होती. या घराचं असंच आहे. कोण काय करतं कळत नाही, पण झालेलं असतं.'

कुणीतरी. मी सुरी खाली ठेवली. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं की दुसऱ्या कशानं, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. आणि खाली, पहिल्याच ओळीत, तो बोरिवलीचा अरविंद: 'आत्ताच आईला फोन केला. म्हटलं, गुडघे दुखतात तर जिना चढू नकोस उगाच, सगळं रेषेच्या वर ठेव आणि निवांत झोप.' मी बाहेर बघितलं. पागोळ्या जाड झाल्या होत्या. कुठल्या आळीतली, कुठल्या घरातली ती म्हातारी, गुडघे धरून फळीवर काय ठेवत असेल? तिची एखादी घडी घातलेली वस्तू. आणि ती स्वतः कुठे झोपणार, खालीच? ओले हात पदराला पुसून मी त्या चौकटीत बोट ठेवलं, जिथे लोक 'वा' लिहितात. तिथे नाव विचारतात. नाव नको असेल तर 'अनामिक' निवडायची सोय आहे. माझं बोट तिथे थांबलं, सवयीनं. मग मी नाव लिहिलं, रेश्मा. आणि त्याखाली, चुका करत, खोडत, कांद्याच्या बोटांनी काच बरबटवत:

'अरविंद, आईला पुन्हा फोन करा. आत्ता. रेषेवर विश्वास ठेवू नका. रेष म्हणजे मागच्या वेळी पाणी कुठे थांबलं तेवढंच. आमचीही फळी रेषेच्या वर होती, माझ्या आईची गोधडी गेली. आईंना हात धरून वर न्यायला शेजाऱ्यांना सांगा. दीप्ती, बॅग मी आणली. कांदाही मीच चिरत होते.'

पाठवलं. मग लगेच वाटलं, पुसून टाकावं. कसं पुसतात ते मला येत नव्हतं. वर लाकडी जमिनीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी सुरी उचलली आणि हातातला कांदा चिरून संपवला. जिन्यावर पावलं वाजली, भरभर नाही, एकेक पायरी. सासूबाईंनी मागच्या दारातून विचारलं, 'कोण गो?' दीप्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात मोबाईल, गळ्यात काही नाही. ती माझ्याकडे बघत होती, सुपलीतल्या धुळीकडे बघतात तशी. मला ते आवडलं नाही, आणि आवडलंही.

'अरविंदनी लिहिलंय, आईला फोन केला म्हणून,' ती म्हणाली. 'शेजारचे आईबाबांना वर नेतायत.' मग म्हणाली, 'वहिनी, कुठली गोधडी?'

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पाटाकडे बोट केलं.

'बस. सांगते. पण आधी तो दुसरा कांदा घे,' मी म्हटलं. 'आणि लिहिणार मी.'